गाडी येण्याआधी फोटो तयार हवा : रोजच्या रेल्वेचं छायाचित्रण, टप्प्याटप्प्याने

रेल्वेचे बहुतेक फोटो एकाच कारणाने फसतात. हॉर्न ऐकू आला की मोबाइल खिशातून बाहेर येतो. मग इंजिन कसंबसं चौकटीत मावतं, पण त्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला असतो, कोपऱ्यात कुणाची तरी बॅग असते आणि ऊन नेमकं लेन्सवर. असा फोटो गाडी आली होती एवढंच सांगतो.

खालचा क्रम काहींना उलटा वाटेल : आधी जागा, मग ऊन, मग रिकामी चौकट आणि गाडी सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. महागडा कॅमेरा लागत नाही, वंदे भारतही लागत नाही. रोजची पॅसेंजर, रेंगाळलेली मालगाडी, पिवळी पाटी आणि दुपारचा ओस फलाट यांच्यावर महिनोन् महिने काम करता येतं.

टप्पा १ : एकच जागा धरा

सुरुवातीला निसर्गरम्य स्टेशन शोधत फिरू नका. ज्या स्टेशनवर तुमचं येणं-जाणं आहे तेच घ्या, कारण चांगल्या फोटोसाठी तिथे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी उभं राहावं लागतं. स्टेशनला पादचारी पूल असावा, फलाटाचं निदान एक टोक छपराबाहेर मोकळं असावं, आणि जवळपास वळण असेल तर दुधात साखर.

चौथी गोष्ट पार्श्वभूमी, आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पुणे-लोणावळा मार्गावर मळवलीला उतरलात तर मागे लोहगड-विसापूर उभे असतात. मनमाड-दौंड मार्गावर अंकाई किल्ला नावाचंच स्टेशन आहे. पनवेलच्या पुढे आपट्याला फलाटावर मोठी झाडं आहेत. यांतलं काहीच जवळ नसेल तर एकसलग रंगाची गोदामाची भिंत किंवा पाण्याची जुनी टाकीही चालते. पाठीमागे जाहिरातींचे फलक, पार्क केलेल्या दुचाकी आणि तीन रंगांच्या इमारती असतील तर पुढे कितीही देखणी गाडी येऊ द्या, नजर ठरत नाही.

उभं कुठे राहायचं, तर फलाटावर, पादचारी पुलावर, रस्त्याच्या उड्डाणपुलावर किंवा बंद फाटकाच्या बाहेर. एवढ्यातच जागा शोधायची. फलाटावर जाताना प्रवासाचं किंवा फलाटाचं तिकीट हवंच. फलाट तिकीट दोन तास चालतं.

> इशारा : रुळांवर, खडीवर, बोगद्याच्या तोंडाशी किंवा रेल्वेच्या पुलावर पाऊल ठेवायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दूधसागरला रुळांवरून चालत जाण्याची हौसही याच कलमात बसते. तो धबधबा गाडीच्या खिडकीतूनच बघायचा.

रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने हटकलं तर कॅमेरा खाली घ्या, तिकीट दाखवा, काढलेले फोटो दाखवा. वाद घालू नका, तो नको म्हणाला तर निघा. कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) उघडली की प्रकरण वाढतं, तेव्हा ती घरीच ठेवा. व्यावसायिक चित्रणाला रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची लेखी परवानगी लागते. तो वेगळा मामला आहे.

टप्पा २ : उत्तर दिशा शोधा

नकाशावर स्टेशन उघडा आणि रूळ कुठून कुठे जातात ते बघा. इथे पाच मिनिटं घालवलीत तर पुढचा अर्धा दिवस वाचतो.

चर्चगेट-विरार मार्ग ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे संध्याकाळी ऊन फलाटावर आडवं येतं. साधी लोकल उभी असेल तर ते एका दारातून आत शिरतं, दुसऱ्या दारातून बाहेर पडतं आणि दारात उभी माणसं काळ्या आकृत्या होऊन जातात. या फोटोला गाडीचं तोंडसुद्धा लागत नाही. भुसावळ-अकोला-बडनेरा मार्गाचं याच्या उलट. तो पूर्व-पश्चिम जातो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे गाडीची उत्तरेकडची बाजू बहुतेक दिवस सावलीत. तिथे दक्षिणेच्या बाजूला उभं राहायचं. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटाकडे मात्र सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला मावळतो आणि अशा मार्गावर रूळच पेटल्यासारखे दिसतात.

ऊन रुळांच्या रोखाने समोरून येत असताना एक गोष्ट मुद्दाम बघा. मुख्य मार्गाचे रूळ चाकांनी घासून लख्ख झालेले असतात, तर सायडिंगचे, म्हणजे गाड्या उभ्या करून ठेवण्याच्या बाजूच्या मार्गाचे, गंजून तपकिरी. शेजारी शेजारी असलेल्या या दोन जोड्यांपैकी एकच उजळते. फलाटावरच्या हजार माणसांना ती रोज दिसते, फोटोत मात्र क्वचितच कुणी आणतं.

गाडीच रंगीत आणि स्पष्ट हवी असेल तर नियम सोपा आहे : सूर्य तुमच्या पाठीशी, किंचित एका बाजूला. इंजिनाचं तोंड आणि डब्यांची तुमच्याकडची बाजू दोन्ही उजळली पाहिजेत. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ऊन डोक्यावरून येतं, डब्यांच्या खालचा भाग काळा पडतो. तेव्हा गाडीचा नाद सोडा आणि छपराखालच्या सावल्या, बाकं, पाणपोई यांच्याकडे वळा.

> तपासा : तुमच्या जागेवर सूर्य सकाळी कोणत्या हाताला आणि संध्याकाळी कोणत्या हाताला असतो, हे कागदावर लिहिता आलं का? आलं नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा ३ : गाड्यांची यादी

मोबाइलवरच्या वेळापत्रकातून हव्या त्या दोन तासांतल्या गाड्या उतरवून घ्या. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहा : ती कुठून येणार आणि इथे थांबणार की धडधडत जाणार. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाड्या साधारणपणे डाव्या बाजूने धावतात, त्यामुळे कोणती गाडी जवळच्या रुळावरून येईल आणि कोणती पलीकडच्या, याचा अंदाज आधीच बांधता येतो. पलीकडच्या गाडीची वाट बघत असताना ऐन वेळी अलीकडून दुसरी गाडी आडवी येणं हे या छंदातलं नेहमीचं दुखणं. यादी असेल तर निदान धोका कळतो.

मुंबईत रविवारी जाण्याआधी मेगाब्लॉक बघा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्यांचा वेगही कमी ठेवलेला असतो. नेरळ-माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात नेरळपासून धावत नाही, फक्त अमन लॉज ते माथेरान फेऱ्या चालू असतात. मालगाड्या कुठल्याच यादीत नसतात, त्या नशिबाने मिळतात.

घाटाजवळच्या स्टेशनांना यादीत एक खूण जास्त हवी. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या दोन्ही घाटांत चढ ३७ मीटरला १ मीटर इतका आहे, त्यामुळे वर जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. कर्जतच्या पुढे पळसदरी स्टेशनला उभे असाल आणि पुढचं इंजिन गेल्या गेल्या कॅमेरा बंद केलात, तर खरी मजा हुकली. त्या गाड्यांपुढे ‘शेपूट बघणे’ असं लिहूनच ठेवा.

टप्पा ४ : सामान

मोबाइल पुरे. पूर्ण चार्ज, जागा मोकळी, लेन्स पुसलेली. कॅमेरा असेल तर मध्यम झूमची एकच लेन्स घ्या, कारण फलाटावर लेन्स बदलणं म्हणजे लोखंडाच्या बारीक धुळीला आमंत्रण. सुती फडकं, पाण्याची बाटली आणि पावसाळ्यात एक प्लास्टिकची पिशवी. फ्लॅश घरूनच बंद करून निघा, तो लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याच्या, डोळ्यांवर कधीही जाता कामा नये. सेल्फी स्टिकही नको.

टप्पा ५ : रिकामी चौकट

फोटो इथे तयार होतो. म्हणून गाडीच्या निदान अर्धा तास आधी पोहोचा.

आधी मागची बाजू ठरवा. डोंगर, झाड, आकाश किंवा भिंत, काय ते एकच. ते चौकटीत कुठे बसतं ते बघा आणि त्यासाठी दोन पावलं इकडे-तिकडे सरका. रेल्वेच्या फोटोत दोन पावलांनी खूप फरक पडतो, कारण खांब भरपूर असतात. पाऊलभर सरकलात की डोंगराच्या शिखरावर आलेला खांब बाजूला होतो.

मग रूळ. फोटोच्या खालच्या कोपऱ्यातून ते आत शिरले तर नजर आपोआप त्यांच्याबरोबर जाते. अगदी मधोमध घ्यायचे असतील तर पादचारी पुलावरून घ्या आणि मग दोन्ही बाजू काटेकोर सारख्या ठेवा. जरा इकडे-तिकडे झालं की ते चुकल्यासारखंच दिसतं.

त्यानंतर उंची. बहुतेक जण उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून काढतात आणि सगळ्यांचे फोटो सारखे येतात. फलाटावर पिवळ्या पट्ट्याच्या बराच मागे गुडघ्यावर बसलात तर फलाटाची कड लांब रेघ बनते आणि येणारी गाडी भव्य वाटते. पुलावरून उलट होतं : डब्यांची छपरं, रुळांचे सांधे, एका मार्गावरून दुसऱ्यावर जाणारे काटे यांची नक्षी दिसायला लागते. पुलाच्या जाळीतून काढताना लेन्स जाळीच्या भोकाला अगदी टेकवा, म्हणजे जाळी दिसत नाही.

> इशारा : पुलाच्या जाळीबाहेर हात, छत्री, काठी, पट्ट्याला लटकणारा कॅमेरा काहीही काढू नका. खालच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि धक्का बसायला तारेला हात लागावाच लागतो असं नाही.

आता विजेच्या तारा. नवशिके त्यांच्यावर वैतागतात आणि नंतर मोबाइलवर त्या पुसून टाकतात. पुसलेली गाडी विचित्र दिसते, विजेच्या इंजिनाला तार हवीच. तारा टाळायच्या असतील तर मोकळं आकाश कमी घ्या, गडद डोंगर किंवा झाडी मागे ठेवा, त्यात त्या विरून जातात. घ्यायच्याच असतील तर मग ठसठशीत घ्या, पावसाळी करड्या आकाशावर त्यांची जाळी सुरेख दिसते.

शेवटी खूण. इंजिनाचं तोंड चौकटीत नेमकं कुठे असताना बटण दाबायचं, ते ठरवा आणि त्या ठिकाणी जमिनीवरची एक वस्तू मनात पक्की करा : सिग्नलचा पाया, किलोमीटरचा दगड, पाटीचा खांब. तोंड दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत यायला हवं, खांबाच्या मागे नव्हे. विजेच्या खांबांवर किलोमीटर आणि खांबाचा आकडा लिहिलेला असतो. तो वहीत टिपून ठेवा, पुढच्या खेपेला हीच जागा लगेच सापडेल.

लांबीचाही हिशेब करा. एलएचबी नावाच्या नव्या बनावटीच्या डब्याची लांबी साधारण साडेतेवीस मीटर, म्हणजे २२ डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून मोठी. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आणि ४२४ मीटर लांब आहे. अख्खी गाडी पुलावर दाखवण्याचा हट्ट तिथे पुराच होणार नाही. गाडीचं तोंड किंवा शेपूट, एक काहीतरी सोडावं लागतं. साध्या स्टेशनवरही तेच : पूर्ण गाडी हवी असेल तर वळण हवं, नाहीतर अर्ध्या गाडीवर समाधान माना.

आता रिकाम्या रुळांचा एक फोटो काढा. तो मोठा करून चारही कडा नजरेखालून घाला. कडेला अर्धवट कापलेला माणूस, कचऱ्याचा डबा, चमकणारी पाण्याची बाटली दिसते का? क्षितिज तिरकं आहे का? तसं असेल तर पुन्हा सरका.

> तपासा : गाडी आलीच नाही असं समजा. हा रिकामा फोटो ठेवावासा वाटतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर गाडी आल्याने तो सुधारणार नाही. जागा बदला.

टप्पा ६ : गाडी

तुमच्या बाजूचा सिग्नल लालवरून पिवळा किंवा हिरवा झाला की तयार व्हा. तेव्हा चौकट बदलू नका. ऐन वेळी ‘अजून थोडं झूम’ करण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच अर्धा तास वाया जातो.

मोबाइलवर त्या खुणेच्या वस्तूवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही पक्के होतात. हे केलं नाही तर इंजिनाचा दिवा चौकटीत येताच मोबाइल घाबरून सगळा फोटो काळा करतो. दिवा फारच प्रखर असेल तर उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. धावत्या गाडीसाठी मोबाइलमधला एचडीआर हा पर्याय बंद ठेवा. तो अनेक फोटो एकमेकांवर बसवतो आणि डब्यांच्या कडा दुहेरी होतात.

कॅमेऱ्यावर शटरचा वेग, म्हणजे फोटो घेताना शटर उघडं राहण्याचा वेळ, सेकंदात असा ठेवा : गाडी समोरून येत असेल तर १/५०० पुरतो, शेजारून वेगात जात असेल तर १/१००० किंवा जास्त. एकच फोटो काढू नका, खूण येण्याच्या जरा आधीपासून सलग काढा.

गाडी स्पष्ट आणि मागचं सगळं पळणारं हवं असेल तर शटर १/३० ते १/६० वर आणा. पाय रोवून उभे राहा, फक्त कमरेतून वळा, गाडी लांब असल्यापासूनच तिच्याबरोबर कॅमेरा फिरवायला लागा आणि बटण दाबल्यावरही फिरवत राहा. लोक बटण दाबल्याबरोबर थांबतात, तिथेच फोटो हलतो. मोबाइलवर भर उन्हात हे जमत नाही, कारण त्याच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही आणि इतक्या वेळात फोटो पांढराफटक होतो. संध्याकाळ धरा. सरावाला माथेरानची गाडी उत्तम, ती इतक्या सावकाश जाते की दहा वेळा चुकायला सवड मिळते.

> इशारा : गाडीकडे बघून हात, रुमाल, ओढणी जोरजोरात हलवू नका, लाल रंगाची तर मुळीच नाही. लोको पायलटच्या दृष्टीने तो धोक्याचा इशारा असतो.

टप्पा ७ : गाडी गेल्यावर दहा मिनिटं

या छंदातले बहुतेक सुंदर फोटो इथे मिळतात, कारण बाकी सगळ्यांनी मोबाइल खिशात घातलेले असतात. लांब पल्ल्याच्या गाडीच्या शेवटच्या डब्यावरची मोठी पिवळी फुली दूर दूर जात राहते. फाटक वर व्हायच्या आतच दुचाक्या खालून डोकं घालतात. फलाट रिकामा होतो आणि एखादा माणूस उगाच उभा राहतो. चहावाला फडक्याने ओटा पुसतो. रूळ तपासणारा कीमन हातोडा खांद्यावर टाकून निघतो. शिट्टी वाजवण्याची सूचना देणारी पिवळी पाटी, तिच्यावरची ‘सी/फा’ (सीटी/फाटक) ही अक्षरं, पाटीखाली वाढलेला टाकळा, यांतलं काहीही चालेल.

माणसांचे फोटो काढताना विचारा. लांबून आकृती दिसत असेल तर प्रश्न नाही. पण चेहरा ओळखू येत असेल तर आधी किंवा लगेच नंतर दाखवा, आणि नको म्हटलं तर समोरच पुसून टाका. महिलांच्या डब्याकडे कॅमेरा रोखायचा नाही, झोपलेल्या माणसाकडेही नाही. ‘कुठल्या पेपरात येणार?’ हा प्रश्न हमखास येतो. खरं सांगा, गप्पा मारा. जुना हमाल किंवा गेटमन अशी एखादी जागा सांगून जातो की नकाशावर ती सापडली नसती.

टप्पा ८ : खिडकीतून

प्रवासातही हेच सगळं करता येतं, पण जागा आरक्षणाच्या वेळीच ठरते. सकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत, म्हणजे पुण्याहून साताऱ्याकडे किंवा रोह्याहून रत्नागिरीकडे, उजवी म्हणजे पश्चिमेची खिडकी घ्या. सूर्य तुमच्या मागे राहतो, शेतं समोरून उजळतात आणि काचेवर ऊन येत नाही. संध्याकाळी डावी.

वातानुकूलित डब्याच्या काचेला लेन्स चिकटवून भोवती काळं फडकं धरा, आतले दिवे काचेत दिसणार नाहीत. चमक कमी करायला लेन्सवर लावतात तो ध्रुवीकरण फिल्टर (पोलरायझर) काढून ठेवा, त्याने अशा काचेत इंद्रधनुषी डाग उमटतात. जवळचे खांब चुकवायचे असतील तर लांबच्या वस्तूवर फोकस पक्का करा आणि वळणाची वाट बघा, तिथे आपलीच गाडी पुढे वाकलेली दिसते. जुलैत भातलावणी चालू असताना नेरळ-कर्जत पट्ट्यात फक्त शेतांतलं पाणी आणि त्यात पडलेलं आकाश एवढंच काढा.

दारात उभं राहून बाहेर झुकू नका. सिग्नलचा खांब दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

टप्पा ९ : पाऊस आणि रात्र

थंड डब्यातून दमट फलाटावर उतरलात की लेन्सवर बाष्प धरतं. पुसून उपयोग नसतो, पुन्हा धरतं. उतरण्याआधीच कॅमेरा पिशवीत बंद करा आणि उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या.

पावसात फलाट ओला झाला की सिग्नलचे लाल-हिरवे रंग खाली उतरतात. त्यासाठी कॅमेरा जमिनीच्या जवळ न्या. इंजिनाचा दिवा पावसाच्या सरीतून लांबूनच दिसायला लागतो, तेव्हा गाडी जवळ येण्याची वाट न बघता तेव्हाच काढा.

रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात वेगवान शटर ठेवलं तर फोटोवर गडद-फिकट पट्टे येतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. लोकलच्या दर्शनी पाटीवरची अक्षरं अर्धवट येण्याचं कारणही वेगवान शटरच आहे. १/५० ला सहसा पूर्ण येतात, मात्र तेव्हा गाडी उभी असायला हवी.

टप्पा १० : घरी आल्यावर

त्याच रात्री निवड करू नका. एक-दोन दिवसांनी बघा, तोपर्यंत गाडीचा आवाज कानातून गेलेला असतो.

आधी क्षितिज आणि उभ्या रेषा सरळ करा, कारण रेल्वेच्या फोटोत एक खांब जरी कलला तरी गाडी घसरल्यासारखी वाटते. मग सावल्या थोड्या उघडा. रंग भडक करू नका. पिवळ्या पाट्या मुळातच गडद आहेत, अजून वाढवल्या की फोटोत दुसरं काही दिसतच नाही. मळलेले डबे मळलेलेच राहू द्या.

एका फेरीतले पाचच ठेवा, आणि त्यांत निदान दोन तरी गाडी नसलेले असू द्या. नाव देताना तारीख, स्टेशन, खांबाचा क्रमांक, कोणत्या दिशेला तोंड करून काढला आणि वेळ, एवढं लिहा. पुढच्या ऋतूत त्याच खांबापाशी, त्याच वेळी उभे राहा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा : ऊन कुठे सरकलं, झाडाने किती आभाळ खाल्लं. चौकट कुठे बदलायची ते त्यावरून ठरवा.